अंगणापलीकडचं गाण्याचं नाटक

माग बंद पडले की कान दुखतात, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. सुरतेजवळच्या कडोदऱ्याला कापडाच्या त्या कारखान्याच्या आवारात मी सहा वर्षांची असल्यापासून राहत होते. आमच्या खोलीची मागची भिंत आणि मागांच्या शेडची भिंत एकच होती. खिळ्याला टांगलेला आरसा दिवसभर थरथरायचा, हंड्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची आणि घरात सगळेच एकमेकांशी ओरडून बोलायचे. गावी गेलो की मामी म्हणायची, तुम्ही लोक भांडता कशाला? त्या सकाळी माग थांबले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला. दिवाळी लांब होती आणि वीज गेलेली नव्हती, कारण डोक्यावरचा दिवा चालू होता. आरसा भिंतीवर अगदी निश्चल होता. मी त्यात पाहिलं तर माझा चेहरा पहिल्यांदाच मला स्पष्ट दिसला.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून चालू करायचा, हे त्यांचं काम. ते शेडमधून आले ते हात न पुसताच. सुरतेत प्लेग आलाय, शेठने सगळ्यांना घरी जायला सांगितलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. मला तो शब्द शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून माहीत होता. पुस्तकातला रोग हायवेवरून दहा मैलांवर येतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. पण दुपारपर्यंत हायवेनेच ते शिरवलं. आवाराच्या भिंतीवरून पाहिलं तर ट्रक, टेम्पो, बसगाड्यांची टपं, सगळं माणसांनी भरलेलं, आणि प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. एवढी माणसं जात होती पण कुणी बोलत नव्हतं. आमच्या आवारात कामगारांच्या अकरा खोल्या होत्या. चुलीवरची भांडी तशीच टाकून, गाठोडी घेऊन, दिवस मावळायच्या आत नऊ खोल्यांना कुलपं लागली.

आम्ही का गेलो नाही, ते सांगते. अप्पांचा धाकटा भाऊ, सुभाष काका, सुरतेत नवागामला चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचा आणि तिथल्याच मागावर काम करायचा. बावीस वर्षांचा होता. आला की माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, खांद्यावर बसवून सगळ्या आवारात फिरवायचा. दोन दिवसांपूर्वी त्याच्याकडून निरोप आला होता की ताप आहे, रविवारी येत नाही. आता त्याच्या खोलीतली पोरं पळाली असणार, हे अप्पांना न सांगता कळलं. आईने दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला. सगळी माणसं शहरातून बाहेर येत होती आणि अप्पा सायकलवर शहराकडे निघाले. फाटकातून जाताना म्हणाले, "मी संध्याकाळ लोंग येस. फाटक उघाडू नका." आमच्या घरात अहिराणी बोलत. संध्याकाळपर्यंत येतो, असं ते सांगत होते. ते त्या संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत.

आईने काय काय केलं, ते आजही मला एकेक आठवतं. पाणी दोनदा उकळायची. कडुलिंबाचा पाला आणि कापूर जाळून खोलीभर धूर करायची, इतका की बेबी डोळे चोळत रडायची. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. घरात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ, तूरडाळ, मिरच्या आणि थोडे शेंगदाणे होते. तेवढ्यावर किती दिवस निघतील याचा ती सतत हिशेब मांडत असावी, कारण आमच्या ताटात पूर्ण भाकरी पडायची आणि तिच्या ताटात चतकोर. मी अकरावीत होते, सगळं कळत होतं, आणि कळत असल्याचं दाखवायचं नाही हेही कळत होतं. मधूनच ती कामात थांबून कान द्यायची. सायकलच्या चेनचा आवाज ऐकायची ती. पूर्वी मागांच्या गोंगाटात फाटक वाजलेलंही ऐकू यायचं नाही, आता झाडावरून निंबोळी पडली तरी आम्ही तिघी दचकायचो.

माझी भीती मात्र वेगळी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताच्या गोदामामागच्या नळावर पाणी भरायला गेले, तेव्हा नळाखाली उंदीर मरून पडला होता. मोठा, पोट वर करून. हंडा जवळजवळ त्याच्यावरच ठेवला होता मी. आईला सांगितलं असतं तर ती उभ्या उभ्या कोसळली असती, असं मला वाटलं. मी काठीने त्याला भिंतीच्या कडेला ढकललं, माती लोटली, वर दगड ठेवला, आणि धुण्याच्या सोड्याने हात कोपरापर्यंत घासले. कातडी सोलून निघाली. प्लेगची गाठ काखेत येते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तेव्हापासून मी दर थोड्या वेळाने न्हाणीत जाऊन काखेत बोटं दाबून बघायची. काही नसायचं. मग वाटायचं, नीट दाबलं नाही. पुन्हा जायची. बेबी जवळ आली की तिला ढकलायची. ती रुसायची, आणि आई मला म्हणायची की एवढी घोडी झालीस आणि लहान बहिणीशी अशी वागतेस.

आवारात आमच्याशिवाय एकच माणूस उरला होता, अंगणाच्या पलीकडच्या खोलीतले वानखडे मिस्तरी. अमरावतीकडचे. साठीच्या आसपासचे, एकटेच राहायचे. परदेशी मशीन लावणं आणि चालवून देणं हे त्यांचं काम, म्हणून शेठ त्यांना मानायचा. त्यांच्याकडे टीव्ही होता आणि कॅसेट लावायचं यंत्रही. आवारात एवढी चैन दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मात्र त्यांना खोकला होता. आयुष्यभर सुताची धूळ छातीत गेलेली. मागवाल्यांत असा खोकला कितीतरी जणांना असायचा आणि एरवी मागांच्या आवाजात तो कुणाला ऐकूही यायचा नाही. आता त्या शांततेत तो अंगणापलीकडून थेट आमच्या खोलीत यायचा. तो सुरू झाला की आई बेबीला पोटाशी धरायची. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "त्यासना घरमा जावानं नही." त्यांच्या घरात पाऊल टाकायचं नाही. मिस्तरींना ते ऐकू गेलं असेल, कारण त्यानंतर ते आमच्या बाजूला आलेच नाहीत. पाणी भरायलासुद्धा आम्ही भरून आल्यावर जायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेबीने भोकाड पसरलं. अप्पा पाहिजेत, काका पाहिजे, दार उघड. आई तिला थोपटता थोपटता स्वतःच रडायला लागली, आवाज न करता. तेवढ्यात अंगणापलीकडे काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मी दार किलकिलं केलं. मिस्तरींनी टेबलासकट टीव्ही त्यांच्या ओट्यावर आणला होता आणि त्याचं तोंड आमच्या दाराकडे केलं होतं. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून वरून गोधडी टांगली होती. आम्हाला पाहून ते लांबूनच ओरडले, "पोरीहो, तिथंच उंबऱ्यावर बसा. इकडं याचं काम नाही. दिसते का?" दिसत होतं. बायको नसलेल्या माणसाच्या खोलीकडे आई एरवी पाहायचीही नाही. आज तिने दार अर्धं उघडून आम्हाला उंबऱ्यावर बसू दिलं. स्वतः मागे उभी राहिली.

मला वाटलं होतं हिंदी पिक्चर लागेल. पडद्यावर एक मोठं नाट्यगृह आलं, लाल पडदा, खाली वाजवणाऱ्यांची फौज. मिस्तरींनी तिथूनच मोठ्याने सगळं सांगितलं. कंपनीने त्यांना माग शिकायला चार महिने इटलीला धाडलं होतं. ज्या म्हातारीच्या घरी त्यांची राहायची सोय होती, ती जेवण झालं की ही असली नाटकं टीव्हीवर बघायची, आणि निघताना तिने त्यांना एक कॅसेट भरून दिली. आपलं संगीत नाटक असते तसंच, ते म्हणाले, फक्त हे लोक बोलतच नाहीत, जेवण मागायचं तरी गाऊनच मागतात. ऑपेरा हा शब्द मला फार पुढे कळला. आम्ही त्याला कायम गाण्याचं नाटकच म्हटलं.

गोष्ट साधी होती. एक श्रीमंत म्हातारा. त्याला त्याच्याच घरात वाढलेल्या तरुण मुलीशी लग्न करायचं होतं, म्हणून तिला तो कुलपात ठेवायचा. तिचा जीव दुसऱ्याच एका पोरावर. आणि घरातली एक चलाख मोलकरीण, जी म्हाताऱ्याकडून बक्षिसी घ्यायची आणि काम पोरीचं करायची. भाषेचं अक्षरही कळत नव्हतं. मिस्तरी मधे मधे सांगायचे, "आता तो म्हनते का, माह्या घरात कोन घुसला? अन् ती म्हनते, मांजर व्हय मालक." ते वऱ्हाडीतून सांगायचे आणि पडद्यावरची जाडी बाई गळ्यातून इतका उंच सूर काढायची की बेबी कानावर हात ठेवायची. सुरुवातीला मला लाजच वाटली. एवढी मोठी माणसं तोंडाला रंग लावून असा गळा काय काढतात, असं वाटलं. मग म्हाताऱ्याचा केसांचा टोप पोपटाच्या पिंजऱ्यात अडकला. टक्कल उघडं पडलं, आणि त्याने तो सोडवायच्या ऐवजी पिंजऱ्यासकट सगळ्या रंगमंचावर धावत रागाचं गाणं सुरू केलं. काय त्या गाण्याचा वेग! एका श्वासात पन्नास शब्द, मागावर धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावावा तसे. मग मोलकरीण त्यात शिरली, मग पोरगी, मग कपाटात लपलेला पोरगा, आणि सगळे एकाच वेळी वेगवेगळं गायला लागले, तरी एकाचंही सूत तुटेना. बेबी आधी हसली. मग मी. आणि मग माझ्या मागून एक आवाज आला, जो मी तीन दिवसांत ऐकला नव्हता. आई हसत होती. पदर तोंडात कोंबून, दाराच्या चौकटीला धरून, खांदे हलवत हसत होती.

आता मी सुरतेतच पर्वत पाटियाला राहते, मुलाने मोबाईलवर सगळं काही दाखवायची सोय करून दिली आहे. अशी नाटकं मी त्यावर पुष्कळ पाहिली. गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात, म्हातारा, पोरगी, कपाट. पण त्या दुपारी काखेत बोटं घालून बघायचं मी तासभर विसरले होते, तसा विसर मला पुढे कुठल्याही करमणुकीने पाडला नाही.

मिस्तरी आमच्याकडे बघत हसत होते. त्यांनी ते नाटक किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे, पण आम्हाला हसताना पाहून त्यांनाही आवरेना. हसता हसता त्यांना खोकला आला. नेहमीचाच, म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग तो थांबेना. ते खुर्चीवरून खाली सरकले, गुडघ्यांवर आले, कपाळ ओट्याच्या फरशीला टेकलं. चेहरा काळानिळा पडला. खोकताना तोंडावर धरलेला रुमाल बाजूला झाला तेव्हा त्यावर लाल डाग मला उंबऱ्यावरून दिसला. आईलाही दिसला. तिने माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की बांगडी रुतली. पडद्यावर सगळे गातच होते. मिस्तरींनी मान वर न करता आमच्याकडे हात केला आणि पंजा हलवला. येऊ नका, असं ते सांगत होते.

मी त्या वेळी काय विचार करत होते, ते खरं सांगते. दार लावून घ्यावं, असं माझ्या मनात आलं. उंदराचं प्लेगाशी, प्लेगाचं या लाल डागाशी, आणि डागाचं आमच्याशी नातं मी क्षणात जोडलं होतं. आईने माझं मनगट सोडलं. मला वाटलं ती कडीच घालणार. तिने तांब्या उचलला, पदर नाकातोंडावरून दोनदा गुंडाळला आणि मला म्हणाली, "बेबीले धर. मी सांगस तोवर बाहेर येऊ नको." मग ती अंगण ओलांडून गेली. मी तिला हाक मारली नाही. तिने मिस्तरींना उठवून भिंतीला टेकवलं, बेबीला ठसका लागल्यावर चोळते तशी पाठ चोळली, घोट घोट पाणी पाजलं. कितीतरी वेळाने खोकला उतरला. ते काहीतरी पुटपुटले. आईने ओरडून आम्हाला सांगितलं की त्यांची जीभ चावली गेलीय, रक्त जिभेचंच आहे.

पण तिचा स्वतःचा त्यावर किती विश्वास बसला होता, ते लगेच दिसलं. परत आल्यावर ती घरात शिरलीच नाही. आमच्या ओट्याच्या टोकाला बसली आणि मला म्हणाली की आता दोन-तीन दिवस ती तिथेच राहील, मी तिच्याजवळ यायचं नाही, बेबीला तर अजिबात येऊ द्यायचं नाही. तिचं ताट, तांब्या, गोधडी मी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागे सरायचं. तेव्हा मला उंदराचं सांगावंसं वाटलं. सांगितलंही, रडत रडत. आई लांबूनच ऐकत राहिली. मग तिने विचारलं, हात धुतले होतेस ना? मी हो म्हटलं. काखेत बघितलंस? काही नाही, मी म्हटलं. बरं, म्हणाली, आता भाकरी टाक. आणि मी आयुष्यातली पहिली स्वतंत्र भाकरी टाकली. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. तिने ती ओट्यावर बसून सगळी खाल्ली.

ते दोन दिवस म्हणजे माझं लहानपण संपल्याचे दिवस. अप्पांचा पत्ता नाही, आई समोर दिसतेय पण हात लावायचा नाही, आणि बेबीला काय सांगायचं ते माझ्यावर. मी दर थोड्या वेळाने दारातून आईची छाती वर-खाली होते का ते बघायची. ती शिंकली की मी भिंतीला टेकून उभी राहायची. पाचव्या दिवशी दुपारी ती उठून बसली, केस बांधले आणि अंगणापलीकडे हाक दिली. "मिस्तरीभाऊ, त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं?"

मिस्तरींनी पुन्हा टीव्ही ओढून ओट्यावर आणला. ते त्यांच्या ओट्यावर तोंडाला रुमाल बांधून, आई आमच्या ओट्याच्या टोकाला, मी आणि बेबी उंबऱ्याच्या आत, असे बसून आम्ही नाटकाचा उरलेला भाग बघितला. म्हातारा फसला, लग्नाच्या कागदावर सही भलत्याच ठिकाणी करून बसला, पोरीचं पोराशी लागलं आणि मोलकरणीने शेवटी म्हाताऱ्याच्या डोक्यावर त्याचा टोप नीट बसवून दिला. मिस्तरी या खेपेला हळूच हसत होते, छातीवर हात ठेवून. आई मात्र मोकळी हसली, पदरही न लावता. त्या रिकाम्या आवारात तो आवाज शेडच्या पत्र्यावर जाऊन परत आला. कुणालाच ताप आला नव्हता. मला पहिल्यांदाच वाटलं की आपण वाचलो.

अप्पा सातव्या दिवशी आले. सायकल नव्हती, दाढी वाढलेली. फाटकाबाहेर रस्त्याकडेच्या झाडाखाली उभे राहिले आणि आत येईनात. बेबी धावत सुटली तर त्यांनी दगड उचलल्यासारखं करून तिला मागे हटवलं. तिथूनच त्यांनी आईला सांगितलं, थोडक्यात. काका खोलीत एकटाच सापडला होता, तापाने फणफणलेला. त्या भागातल्या दवाखान्यांना कुलपं होती. अप्पांनी त्याला हातगाडीवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे बाहेरच्या अंगणातच रांग होती. प्लेग नव्हता, हिवताप होता, पण ते कळून औषध हाताला लागेपर्यंत त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. अप्पांना दोन दिवस तिथेच थांबवून मग सोडलं. अजून दोन दिवस मी आत येत नाही, ते म्हणाले, आणि झाडाखाली बसले. आई फाटकाच्या आत, गजांना हात न लावता, उभी राहिली.

ते आत आले त्या दिवशी आईने तूरडाळ शिजवली, त्यावर लसणाची फोडणी घातली. अप्पा आंघोळ करून ताटावर बसले. मी वाढत होते. आई त्यांच्यासमोर बसली होती, ताट न घेता. तिने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "सुभाष गया ना, त्या दुपारले मी हासनू." तो गेला त्याच दुपारी मी हसले, असं ती म्हणाली. मिस्तरींनी नाटक लावलं होतं आणि ती पोट धरधरून हसली होती. तिला वाटत होतं, आता ते ताट सरकवून उठतील.

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो डाळीत बुडवला, पण तोंडात घातला नाही.

"बरं करं," ते म्हणाले. "तठे दवाखानामा कोनी हासत नव्हतं."

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, काय होतं त्या नाटकात? आईने सांगायला सुरुवात केली. श्रीमंत म्हातारा होता, पोरीला कुलपात ठेवायचा. पोपटाचा पिंजरा तिने दोन्ही हातांनी करून दाखवला. ती अगदी बारकाव्याने सांगत होती, मोलकरीण काय म्हणाली, कपाटातून कोण निघालं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. पोरीचं लग्न लागतं तिथपर्यंत ती आली, तेव्हा ते रडायला लागले. आम्ही त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. बेबी घाबरून माझ्यामागे लपली. पण आई सांगायची थांबली नाही.